खोदकामाच्या फलकावर ठेकेदाराच्या विम्याचा नंबर लिहा

प्रति,
मा. ना. श्री. चंद्रशेखर बावनकुळे,
महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य व पालकमंत्री, नागपूर जिल्हा

बावनकुळे साहेब,
सप्रेम नमस्कार.

इतवारी, गांधीबाग आणि बर्डी भागातल्या लहान दुकानदारांची खाती लिहिणे आणि त्यांची जीएसटी रिटर्न भरणे हा माझा व्यवसाय. दुकानात पाणी शिरले, आग लागली, भिंत खचली, की दुकानदार आधी घरच्यांना फोन करतो आणि मग मला, कारण स्टॉकचा हिशेब माझ्याकडे असतो. त्यामुळे नुकसानीनंतरची धावपळ मी जवळून पाहतो. तीच पाहून आपल्यापुढे एक मागणी ठेवतो आहे. नागपुरात जिथे जिथे रस्ता, नाली, जलवाहिनी, गॅसलाइन किंवा केबलसाठी खोदकाम सुरू असेल, तिथल्या फलकावर ठेकेदाराने काढलेल्या विम्याचा पॉलिसी नंबर, विमा देणाऱ्या कार्यालयाचे नाव, थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या, नुकसानीसाठी ठेवलेली रक्कम आणि तक्रार कोणाकडे द्यायची ते मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

मागणी छोटी वाटेल. ती का करावी लागते ते एका दुकानाच्या हकिकतीवरून सांगतो. दुकानदाराचे नाव आणि रस्ता लिहीत नाही, कारण त्याला त्याच रस्त्यावर पुढेही धंदा करायचा आहे.

कागदाचा व्यापारी. वर दुकान, खाली तळघरात गोडाऊन. समोरच्या रस्त्याचे काम सुरू होते. पहाटे खोदकामाच्या यंत्राने पाण्याची मोठी लाइन फोडली आणि सकाळी शटर उघडेपर्यंत तळघरात गुडघाभर पाणी. कागदाच्या धंद्यातले नुकसान बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. खालचे गठ्ठे पाणी शोषून फुगतात, त्यावरची थप्पी कलते आणि कोसळते. वरच्या ज्या रीम कोरड्या राहिल्या असे वाटते, त्यांनाही ओलाव्याने लहर येते आणि छपाईच्या मशीनवर तो कागद चालत नाही. छापखानेवाला तो परत पाठवतो. मग सगळा माल रद्दीच्या भावात जातो.

ठेकेदाराचा सुपरवायझर आला. पंप लावून पाणी उपसून दिले, एवढे त्याने केले. नंतर काही हजार रुपये रोख देऊ केले आणि ‘आमची कसलीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली. दुकानदाराने सही केली नाही, हे त्याचे नशीब. अशी सही म्हणजे काय, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आपल्या विमा कंपनीने नुकसान भरून दिले, की ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. आपणच ठेकेदाराला मोकळे करून टाकले, तर कंपनी म्हणते की तुम्ही आमचा वसुलीचा रस्ता बंद केला, आणि क्लेम अडतो. पाच-दहा हजारांसाठी लाखांचा दावा घालवलेली माणसे बाजारात आहेत.

पुढचे आपण ओळखलेच असेल. खात्याने सांगितले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराने सांगितले, खात्याने लाइनचा नकाशाच दिला नव्हता. तहसील कार्यालयातून उत्तर मिळाले की ही नैसर्गिक आपत्ती नाही, मदतीच्या निकषात बसत नाही. ते उत्तर नियमाला धरूनच होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून बर्डीच्या मोरभवन परिसरापर्यंत शिरले. तेव्हा शासनाने दुकानांसाठी ५० हजारांपर्यंत आणि टपऱ्यांसाठी १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ती रक्कम अपुरी होती, पण दार ठोठवायला एक जागा होती. माणसाच्या हातून झालेल्या नुकसानीत तेवढीही जागा नाही. आणि इथे सरकारी तिजोरीतून मदत मागण्याचे कारणही नाही, कारण हे नुकसान भरून द्यायची सोय आधीच केलेली असते. ती फक्त दुकानदाराला दिसत नाही.

ती सोय म्हणजे ठेकेदाराचा विमा. बांधकामाच्या ठेक्यासाठी काढतात त्या ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला भाग ठेकेदाराच्या स्वतःच्या कामाच्या नुकसानीचा. दुसरा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे त्या कामामुळे इतरांच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या नुकसानीचा. राज्य शासनाच्या कामांच्या निविदांत तर ठेकेदाराने वित्त विभागाच्या विमा संचालनालयाकडून पॉलिसी घ्यावी अशी अट असते आणि न घेतल्यास त्याच्या बिलातून रक्कम कापली जाते. या कपातीबद्दल मला आपल्याशी स्पष्ट बोलायचे आहे. बिलातून पैसे कापले म्हणजे शासनाचा हिशेब पूर्ण होतो, पण त्या कामावर पॉलिसीच नसते. समोरच्या दुकानात पाणी शिरले तर त्या कापलेल्या रकमेचा दुकानदाराला काडीचा उपयोग नाही. कपात हा विम्याला पर्याय होऊ नये. पॉलिसीची प्रत जमा झाल्याशिवाय कुदळ मारायला परवानगीच देऊ नये.

पॉलिसी असली तरी घड्याळ दुकानदाराच्या विरोधात चालते. या पॉलिसींच्या प्रचलित मसुद्यात अशी अट असते की घटनेची सूचना १४ दिवसांत विमा कंपनीला पोचली नाही, तर कंपनीवर जबाबदारी राहत नाही. सूचना द्यायची ठेकेदाराने. तो गप्प बसला, तर दुकानदाराने काय करावे? पॉलिसी कोणाची, नंबर काय, हे त्याला माहीत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, तर उत्तराला कायद्याने ३० दिवस. म्हणजे नंबर हातात येईल तेव्हा सूचनेची मुदत संपून दोन आठवडे होऊन गेलेले असतील. फलकावरची एक ओळ हे अंतर मिटवते. दुकानदार त्याच दिवशी फोटो आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवू शकतो. विमा कंपनीचा करार ठेकेदाराशी आहे, दुकानदाराशी नाही, हे मी जाणतो. तरीही तिसऱ्याच दिवशी कंपनीच्या टेबलावर दुकानदाराचे पत्र पडलेले असेल, तर ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ असे म्हणायला कोणालाच वाव राहणार नाही.

दुसरे दार न्यायालयाचे. पण ठेकेदार आणि दुकानदार यांच्यात ग्राहकाचे नाते नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा स्वस्त रस्ता बंद. उरतो दिवाणी दावा. त्यात महापालिकेला प्रतिवादी करायचे तर महापालिका कायद्याप्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. हे सहा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात कसे जातात, ते आपल्याला सांगायला नको. आपण जिल्हा परिषदेपासून लोकांची कामे केली आहेत.

आणखी एक बाब आपल्या यंत्रणेला आज, याच क्षणी सुधारता येईल. जमिनीखालच्या केबल आणि पाइपलाइनबाबत अनेक पॉलिसींत असे कलम असते की ठेकेदाराने खोदण्याआधी संबंधित खात्यांकडून लाइनची नेमकी जागा विचारून घेतली असेल तरच भरपाई. तीही लाइनच्या दुरुस्तीपुरती. लाइन फुटल्यामुळे पुढे झालेले नुकसान त्यातून वगळलेले. म्हणजे नकाशा न पाहता खोदले तर विम्याचा आधारच कच्चा होतो आणि भोगतो तो शेजारचा दुकानदार. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले, ते याचसाठी की खोदणाऱ्याने आधी नोंद करावी आणि जमिनीखाली ज्याची लाइन आहे त्याला कळावे. महापालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, महावितरण, महामेट्रो आणि महामार्ग प्राधिकरण या सगळ्यांची कामे एकाच शहरात एकाच वेळी चालतात. प्रत्येक कामाआधी ही नोंद झाली की नाही, एवढे तपासायला नवा कायदा लागत नाही. आणि लाइन फुटल्यावर होणारे पुढचे नुकसान पॉलिसीत घेतलेच पाहिजे, असे निविदेत लिहायलाही नवा कायदा लागत नाही. त्यासाठी प्रीमियम वाढेल, ठेक्याची रक्कम थोडी वाढेल. ती वाढ मला मान्य आहे. आज तोच खर्च एकटा दुकानदार आपल्या खिशातून भरतो आहे.

यात सगळा दोष सरकारी बाजूचा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या व्यापाऱ्यांचे स्वतःचे विमे फार वाईट अवस्थेत आहेत. बहुतेकांची पॉलिसी बँकेने सीसीच्या (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी माल तारण ठेवून घेतलेल्या) कर्जासाठी काढलेली असते. प्रीमियम परस्पर खात्यातून जातो आणि पॉलिसीची प्रत दुकानदाराने कधी पाहिलेली नसते. गोडाऊन बदलले तरी पत्ता जुनाच. माल दुपटीने वाढला तरी विम्याची रक्कम तीच. मग नुकसान मोजणारा सर्व्हेअर येतो आणि हिशेब मांडतो: दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा, म्हणजे अर्धाच, नुकसान ४ लाखांचे, तर हातात २ लाख. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आणली. ती ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला लागू आहे आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ही कपात होत नाही. चांगली तरतूद आहे. पण इतवारीतल्या किती दुकानदारांना हे नाव ठाऊक आहे? मी ज्यांना विचारतो, त्यांतल्या बहुतेकांना नाही.

आणि आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर? इतवारीत दुकानाला दुकान भिडलेले, मध्ये विटेची एक भिंत. आपल्या मीटरमधून ठिणगी पडली आणि शेजाऱ्याचे कापड जळले, तर आपली आगीची पॉलिसी आपल्या मालापुरती असते, शेजाऱ्याला त्यातून छदाम मिळत नाही. त्यासाठी वेगळा सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने तो सक्तीचा आहे, पण फक्त घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना. कायदा झाला तेव्हा मालमत्तेच्या नुकसानीसाठी तातडीच्या मदतीची कमाल रक्कम ६,००० रुपये ठेवली होती. एवढ्यात आज दुकानाचे एक शटरसुद्धा बसत नाही. साध्या दुचाकीला थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर येता येत नाही. मग भर बाजारात खोदकाम करणाऱ्या ठेक्याचा आणि चार मजली गोडाऊनचा विमा कोणी विचारू नये, हे मला पटत नाही. व्यापाऱ्यांनी हा विमा स्वतःहून घ्यावा यासाठी मी माझ्या प्रत्येक दुकानदाराच्या मागे लागलो आहे, आणि लागणार आहे.

आपल्या महसूल खात्याबद्दल एकच विनंती. तलाठी पंचनामा करतो तेव्हा त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी दुकानदाराला द्यावी. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा आहे आणि सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. त्या १५ दिवसांत दुकानदाराच्या हातात पंचनामा असेल, तर पाणी किती उंच चढले होते आणि किती माल भिजला यावर वाद राहत नाही. आज ती प्रत मिळवायला पुन्हा अर्ज, पुन्हा चकरा. शिवाय ओला माल पंचनाम्याची वाट पाहत ठेवता येत नाही, त्याला बुरशी लागते. त्यामुळे वेळ, तारीख आणि ठिकाणासह मोबाइलवर काढलेले फोटो पंचनाम्यात ग्राह्य धरावेत, असा आदेश आपण काढावा.

विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचे कार्यालयही आम्हाला दूर पडते. विदर्भाची प्रकरणे पुण्याकडे जातात. लोकपालाची काही सुनावणी नागपुरात शिबिर घेऊन व्हावी, यासाठी आपण केंद्राकडे शब्द टाकावा. नितीन गडकरी साहेबांनी २०२४ मध्ये आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटीबद्दल अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले होते, पुढच्या वर्षी वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर गेला. नागपूरचा आवाज दिल्लीत ऐकला जातो, हे आम्ही पाहिले आहे.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे आणि वर लिहिलेल्या बहुतेक यंत्रणांचे अधिकारी आपल्या आढावा बैठकीला असतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकाला एकच यादी मागावी: सध्या शहरात सुरू असलेली खोदकामे, प्रत्येकाचा पॉलिसी नंबर, थर्ड पार्टीची रक्कम आणि पॉलिसी संपण्याची तारीख. ज्या कामापुढे रकाना रिकामा असेल ते काम पॉलिसी येईपर्यंत थांबवावे. आणि परिसरातल्या दुकानदारांच्या लेखी तक्रारी निकाली निघेपर्यंत ठेकेदाराची अनामत सोडू नये. हे मृगाच्या आधी झाले, तर यंदाच्या पावसाळ्यात त्याचा उपयोग होईल.

त्या कागदाच्या व्यापाऱ्याची सगळी कागदपत्रे माझ्याकडे आहेत: फोटो, मालाची बिले, खात्यांची उत्तरे. त्याची संमती आहे. आपल्या कार्यालयाने वेळ कळवली, तर ती घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
इतवारीतील एक हिशेबनीस
नागपूर