माग्रितला समजून घ्यायचं तर त्याची पत्रं वाचा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला सररियलिझमवरचा, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य दृश्यं मांडणाऱ्या कलाचळवळीवरचा, लेख वाचला. रने माग्रित या बेल्जियन चित्रकारावर मराठीत कुणीतरी एवढं सविस्तर लिहितंय याचाच आधी आनंद झाला, पण त्याला "स्वप्नं रंगवणारा चित्रकार" म्हटलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. त्याची आणि त्याच्या मित्रांची पत्रं आज पुस्तकरूपात आहेत, ती वाचली की कळतं हा माणूस पूर्ण जागेपणी, डोकं लावून चित्रं काढायचा.

'हेगेलची सुट्टी' या चित्राचंच बघा. 1958 च्या पत्रात त्याने ते कसं सुचलं ते सगळं सांगितलंय. पाण्याचा साधा ग्लास कसा रंगवला तर बघणारा तसाच पुढे निघून जाणार नाही, इथून सुरुवात. मग हा नुसते ग्लास काढत बसला, प्रत्येकावर एक रेघ, आणि शंभर-दीडशे वेळा काढून झाल्यावर ती रेघ पसरत पसरत छत्री झाली, ती छत्री आधी ग्लासात आली, मग ग्लासाखाली गेली. म्हणून चित्रात उघड्या छत्रीवर पाण्याचा ग्लास आहे. एक पाणी साठवतो, दुसरी पाणी अडवते, आणि हे बघून हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाला सुट्टीवर असल्यासारखी मजा वाटली असती म्हणून ते नाव! अवघड गणित सोडवावं तशी ही मेहनत आहे, यात स्वप्न कुठंय?

दुसरं म्हणजे तो एकटा नव्हता. ब्रसेल्समधला पॉल नुजे हा केमिस्ट्रीवाला कवी, लुई स्क्युतनेर हा सरकारी नोकरीतला लेखक, ही मंडळी त्याच्या चित्रांना नावं सुचवायची, वाद घालायची. 1927 मध्ये पॅरिसजवळ राहत असताना एक वस्तू हळूहळू दुसरी होत जाते ही कल्पना सापडली तेव्हा त्याने ती नुजेलाच पत्रातून कळवली. लेखात नुजेचं नावसुद्धा नाही याचं वाईट वाटलं.

आणि मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताला लिहिलेली पत्रं तर वाचाच. 1966 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, माग्रितने फूकोचं नवीन पुस्तक वाचून आपणहून त्याला पत्र लिहिलं, सोबत आपल्या चित्रांच्या प्रिंट पाठवल्या, त्यात 'हा पाइप नाही' असं खाली लिहिलेलं ते तंबाखूच्या पाइपचं चित्रही होतं. फूकोने उलट विचारलं की फ्रेंच चित्रकार माने याने बाल्कनीत माणसं रंगवली, तुमच्या चित्रात त्यांच्या जागी तुम्ही शवपेट्या का ठेवल्या. माग्रितचं उत्तर साधारण असं, की तुमच्या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे, ती बाल्कनी शवपेट्या ठेवायला योग्य जागा होती. त्याच्या आईची आत्महत्या, बालपणीचा धक्का असलं काहीही या उत्तरात नाही. लेखात मात्र अर्धा कॉलम त्यावरच गेलाय, आणि माग्रितला स्वतःला आपल्या चित्रांची अशी मानसशास्त्रीय फोड केलेली आवडायची नाही. ऑगस्ट 1967 मध्ये तो गेला, आणि 1973 च्या फूकोच्या पाइपवरच्या पुस्तकात त्याची ती दोन पत्रं शेवटी छापलीत.

जीएंच्या पत्रांचे खंड आवडीने वाचणारा मराठी वाचक ही पत्रंही नक्की वाचेल. तेव्हा एक विनंती, रीतसर परवानगी घेऊन यातली दोन-तीन पत्रं मराठीत करून पुरवणीत छापा, शेजारी ते ते चित्र रंगीत आणि मोठं द्या, आणि जमलं तर मित्रांची उत्तरंही द्या.

आपला,
एक नियमित वाचक