'फक्त प्यायला बसलो की'

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, एरवी सिगारेट नाही ओढत, फक्त प्यायला बसलो की एखादी होते." तेव्हा मी गप्प बसलो. फोनवर माझा उपदेश सुरू झाला की तू 'हो हो' करून सुटतोस, म्हणून लिहितोय.

सगळी गोम त्या 'फक्त'मध्येच आहे. दारू आणि सिगारेटमधलं निकोटिन दोन्ही मेंदूतलं डोपामिन, म्हणजे 'छान वाटलं, पुन्हा हवं' असं वाटायला लावणारं रसायन, वाढवतात. शिवाय निकोटिन मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (रसायनांचे निरोप घेणाऱ्या जागांवर) जाऊन बसतं, त्यांच्यावर दारूचाही परिणाम होतो. म्हणजे तलफ निव्वळ सवयीची नसते, आतूनही मागणी येते. सवय आहेच वर.

आमच्या बैठकींत किती वेळा पाहिलंय. सिगारेट सोडलेला माणूस पहिल्या पेगला ठणठणीत असतो. दुसरा संपत आला की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. खिसा रिकामा. मग नजर शेजारच्याच्या पाकिटावर, आणि "एकच झुरका दे रे." त्या क्षणी तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच एकच हवा असतो. पण 'पुरे' म्हणायचं काम मेंदूचा जो भाग करतो, तो दारूने आधीच सैलावलेला असतो. म्हणून 'माझी इच्छाशक्तीच कमी' हे तुझं पालुपद मला पटत नाही. इच्छाशक्ती असते रे, ऐन वेळी शुद्धीवर नसते इतकंच.

उलटंही होतं, ते फारसं कोणी बोलत नाही. निकोटिन तरतरी आणतं, त्यामुळे दारूची गुंगी जाणवत नाही. आपल्याला चढलीच नाही असं वाटतं आणि ग्लास पुन्हा भरला जातो.

कॅन्सरचं तुला ठाऊक आहे, ताणत नाही. एवढंच की तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका या दोन्हींमुळे नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

माझं म्हणणं असं: सिगारेट सोडल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात, आणि शरीराची कुरकुर साधारण तीन-चार आठवड्यांत बरीच निवते. तेवढे दिवस ग्लासही बाजूला ठेव. कायमचा नको म्हणत नाही (म्हणालो तरी ऐकणार आहेस थोडाच!). मित्रांना आधीच सांगून ठेव की मागितली तरी देऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा सिगारेटबरोबर दारूचंही खरं सांग. किती, कधी, सगळं. नेमकं तेच माणसं गाळतात, आणि औषध ठरवताना त्यांना तेच लागतं.

शनिवारच्या बैठकीचं काय ठरवलंस ते कळव. आईला अजून काही बोललो नाही, तूच सांग.

तुझे,
बाबा