शेंगेनची पॉलिसी, लंडनचा अपघात आणि फेटाळलेला दावा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: प्रवास विम्याचा चुकीचा प्रकार विकून नंतर त्याच कारणावरून दावा नाकारल्याबाबत

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर तोंडी सांगण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून हे लेखी देत आहे. पॉलिसीच्या अटी आपणच लिहिलेल्या असल्यामुळे त्या येथे उद्धृत करत नाही.

माझे आई-वडील मे महिन्यात स्वित्झर्लंड, पॅरिस आणि शेवटी लंडन असा प्रवास करणार होते. विमा घेण्याआधी मी आपल्या विक्री प्रतिनिधीला संपूर्ण कार्यक्रम ई-मेलने पाठवला होता. त्यात पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेची तिकिटे होती आणि लंडनच्या हॉटेलचे आरक्षणही होते. त्यावर त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, की व्हिसा कोणता. शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आणि ब्रिटनचा वेगळा, असे मी सांगितले. “मग शेंगेन प्लॅन पुरे आहे, मॅडम. ब्रिटनच्या व्हिसाला विमा लागत नाही,” हे त्यांचे शब्द आहेत आणि ते आपल्याकडे ध्वनिमुद्रित असणार, कारण प्रत्येक कॉलच्या आरंभी आपण तशी घोषणा करता.

त्यांचे विधान व्हिसापुरते खरे आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक असते, तर ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी विम्याची अट नाही. परंतु मी विमा दूतावासाला दाखवण्यासाठी मागत नव्हते, आई-वडिलांसाठी मागत होते. जेथे सरकार विमा मागत नाही तेथे माणूस पडत नाही, असा आपल्या कंपनीचा समज असल्यास तो माहितीपत्रकात छापावा. अमेरिका आणि कॅनडा वगळून संपूर्ण जगासाठीचा प्लॅन आपल्याच माहितीपत्रकात आहे. या प्रवासासाठी तोच योग्य होता, आणि त्याचा प्रीमियम थोडासाच अधिक होता. तो मला कोणी सुचवलाही नाही.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून आई पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. तेथील सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील उपचार परदेशी पाहुण्यांनाही मोफत मिळतात, मात्र रुग्णाला दाखल करून शस्त्रक्रिया केली, की नेहमीच्या दराच्या १५० टक्के आकारणी होते. तशी ती झाली. त्या रात्री वडिलांनी आपल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला असता “उपचार घ्या, बिले सांभाळून ठेवा” असे उत्तर मिळाले. लंडन व्याप्तीबाहेर आहे, हे तेव्हा कोणालाही सुचले नाही. ते सुचले बिले हाती पडल्यावर, आणि त्याच कारणावरून दावा नाकारला गेला.

आता आजच्या कॉलविषयी. दावा का नाकारला, असे विचारताच आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला पॉलिसी वाचली होती का, असे विचारले. मी प्रवासाच्या कार्यक्रमाच्या ई-मेलचा उल्लेख केला, तेव्हा “ते सेल्सचे आहे, आमच्याकडे दिसत नाही” असे सांगण्यात आले. म्हणजे पैसे स्वीकारताना कंपनी एक असते आणि देताना तिचे विभाग होतात. त्यानंतर त्यांनी मला समजावणीच्या सुरात सांगितले, की ब्रेक्झिट झाल्यापासून ब्रिटन शेंगेनमधून बाहेर पडले आहे, “न्यूजमध्ये आले होते, मॅडम.” ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हते. ३१ जानेवारी २०२० पर्यंत ते युरोपीय संघाचे सदस्य होते, तेव्हाही नव्हते. उलट स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरी २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. हे मी शांतपणे सांगितले. काही क्षण पलीकडे कीबोर्डचा आवाज येत राहिला आणि मग प्रतिनिधी म्हणाले, “सिस्टिममध्ये तर तसेच येते.” ज्या क्षेत्राच्या नावाने आपण पॉलिसी विकता, त्या क्षेत्रात कोणते देश येतात हे आपल्या माणसांना ठाऊक नसावे, आणि ग्राहकाने मात्र ते बारीक अक्षरांतून शोधून काढावे, ही अपेक्षा विलक्षण आहे.

एवढ्यावरही मी फोन ठेवला नव्हता. तेव्हा त्यांनी विचारले, “पुढच्या ट्रिपसाठी वर्ल्डवाइड प्लॅनचे कोटेशन पाठवू का?” दावा फेटाळलेल्या ग्राहकाला, त्याच कॉलमध्ये, आधी द्यायला हवा होता तोच प्लॅन विकत घेण्याचे आमंत्रण! फोन ठेवल्याबरोबर सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, असा संदेशही आला. संयमाने लिहिण्याचे ठरवले असल्यामुळे त्याविषयी इतकेच.

नकारपत्रातील दुसरे कारण तर समजण्यापलीकडचे आहे. आईला रक्तदाब असल्यामुळे “पूर्वीपासूनच्या आजाराचे” कलम लावण्यात आले आहे. रक्तदाबाची नोंद प्रस्ताव अर्जात गोळ्यांच्या नावांसह केलेली आहे. त्याचा मोडलेल्या मनगटाशी संबंध काय, हे आपल्या वैद्यकीय सल्लागारांनी स्वाक्षरीनिशी कळवावे. आणि लंडनचा उल्लेख असलेला कार्यक्रम पॉलिसी निघण्यापूर्वी आपल्याला मिळाला होता, हे मी पुन्हा एकदा नमूद करते, कारण आपले प्रत्येक उत्तर नेमके तेवढेच विसरते.

माझी मागणी स्पष्ट आहे. रुग्णालयाचे बिल आणि विमान तिकीट पुढे ढकलण्याचा खर्च कंपनीने द्यावा, विक्रीच्या वेळच्या कॉलचे ध्वनिमुद्रण मला पाठवावे, आणि उत्तर नावानिशी व हुद्द्यानिशी लेखी यावे. “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे” हा मजकूर मला यापूर्वीच मिळालेला असल्याने तो पुन्हा पाठवू नये. ही तक्रार मी विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवत आहे. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन, आणि तेथे न्याय न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे. लोकपालांकडे शुल्क लागत नाही आणि माझ्याकडे कागदपत्रे पूर्ण आहेत.

आमच्या घरातील दोन्ही गाड्यांचा विमा अनेक वर्षे आपल्याकडे आहे. त्यांचे नूतनीकरण यापुढे आपल्याकडे होणार नाही.

सोबत: प्रवासाच्या कार्यक्रमाचा ई-मेल, प्रस्ताव अर्ज, रुग्णालयाची बिले व नकारपत्र यांच्या प्रती.

विमाधारकांची मुलगी,
पुणे