उत्तर आले नाही म्हणजे कथा वाईट, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवणारी निवेदने छापून येऊ लागतात. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथाकाराला वाचकांपर्यंत नेणारी ही ठरलेली वाट. तरीही कितीतरी कथा वहीतच राहतात. ज्या येतात, त्यांच्यासोबत पुष्कळदा चिठ्ठी असते: ‘मी काही लेखक नाही, सुचले तसे लिहिले, गोड मानून घ्यावे.’ संपादकाने पान उलटण्याआधी लेखकानेच फुली मारलेली! चिठ्ठीत कथेचे नाव, शब्दसंख्या आणि ‘अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही’ एवढेच पुरे. फोन नंबर मात्र कथेच्या पहिल्या पानावरही हवा. ईमेल आणि फाइल यांची ताटातूट लवकर होते.

एकदा कथा पाठवून उत्तर आले नाही, की ‘आपल्याला जमत नाही’ असे ठरवून लोक लिहिणे सोडतात. कथा बाजूला पडण्याची कारणे बहुधा याहून फार रुक्ष असतात. पहिले लांबीचे. अंकाच्या एका पानात साधारण साडेचारशे-पाचशे शब्द बसतात. तीन हजार शब्दांची कथा चित्रासकट सातेक पानांत मावते. आठ हजारांची सोळा पाने, म्हणजे छपाईचा अख्खा फॉर्म, खाते. एवढी जागा नामवंतालाही हात आखडूनच मिळते. दुसरे, उशीर. गणपतीच्या सुमारास पाने लागत असतात, जाहिराती येतील तसा मजकूर सरकत असतो. तेव्हा पोचलेली कथा वाचायला कुणाला सवड नसते. आणि परदेशी गेलेला मुलगा व मागे उरलेले आईवडील या विषयावर ढीगभर कथा येतात. त्यांतली एखादीच लागणार.

फाइलचाही घोळ असतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडतो. नुसती पीडीएफ पाठवली, तर त्यातून मजकूर उचलताना ऱ्हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. युनिकोडमधली वर्ड फाइल आणि ताडून पाहायला पीडीएफ, असे दोन्ही पाठवावे. मोबाइलवर बोलून टंकलेखन करणाऱ्यांनी विशेष जपावे: पूर्णविराम गळतात आणि ‘व्हतं’चे मुकाट्याने ‘होतं’ होते. गावाकडची म्हातारी चौथ्या ओळीपासून बातम्या दिल्यासारखी बोलू लागते. ‘संवादांतील बोली जशीच्या तशी ठेवावी’ असे वर लिहून द्यावे, नाहीतर राहिलेले काम उत्साही मुद्रितशोधक पूर्ण करतो.

शुद्धलेखनाची धास्ती मात्र अनाठायी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम पाठ नाहीत म्हणून चांगली कथा नाकारली जात नाही.

कथा बरी आहे की नाही, ही शंका उरतेच, आणि ती नुसत्या धीर देण्याने जात नाही. तिला काम लावावे. कथा पंधरा दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचावी आणि जीभ अडखळेल तिथे खूण करावी. गजर, चहा, खिडकीबाहेरचा पाऊस यांतच पहिला परिच्छेद गेला असेल, तर तो काढून पाहावा. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. मग एकाच वाचकाला द्यावी, शक्यतो घराबाहेरच्या. ‘कशी वाटली?’ विचारले की ‘छान’ हे उत्तर ठरलेले. ‘कुठे कंटाळा आला, कुठे मागचे पान परत उलटावे लागले?’ असे विचारले, तर दुरुस्त करता येईल असे काहीतरी हाती लागते.

एकाच वेळी चार अंकांना कथा पाठवू नये. दोघांनी छापली तर दोन्ही दारे बंद होतात. ‘३१ ऑगस्टपर्यंत होकार न आल्यास अन्यत्र पाठवीन’ असे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. त्यात उद्धटपणा काही नाही. छापण्यासाठी पैसे किंवा पन्नास प्रती विकत घेण्याची अट घालणाऱ्यांकडे मात्र फिरकू नये.

संपादकांकडेही एक मागणे आहे. निवेदनात शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि निर्णय कधीपर्यंत कळवणार, या गोष्टी छापाव्यात. आलेल्या प्रत्येक कथेवर अभिप्राय देणे शक्य नाही, हे मान्य. पण ‘मिळाली’ आणि ‘या वर्षी घेता येत नाही’ एवढी दोन उत्तरे ईमेलने आपोआप जातील अशी सोय करता येते. आपल्या दैनिकाच्या दिवाळी अंकापासून यंदा सुरुवात व्हावी.

– दिवाळी अंकांचा एक मुद्रितशोधक, पुणे