मरीन ड्राइव्हखालचा दगड कांदिवलीचा

संपादक महोदय,

मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हापासून त्या रस्त्याबद्दल पुष्कळ लिहून येते. त्याखालच्या भरावाला दगड कुठून आला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तो आमच्या कांदिवलीच्या खाणीतून गेला, रेल्वेने.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, बॅकबेची, म्हणजे तिथला समुद्र बुजवून जमीन करण्याची, योजना सुरू झाली. बेत ११४५ एकरांचा. कांदिवलीच्या पूर्वेकडच्या टेकडीत सुरुंग लावायचे, दगड मालगाडीच्या वाघिणींत भरायचा आणि सायडिंगवरून, म्हणजे खाणीपर्यंत नेलेल्या फाट्यावरून, बी.बी.सी.आय.च्या (आजच्या पश्चिम रेल्वेच्या) मुख्य मार्गाने समुद्राकडे न्यायचा. त्यातून भिंत उभी राहिली. आत ड्रेजरने उपसलेला गाळ टाकायचा होता. पण दगडांच्या फटींतून गाळ परत समुद्रात जाऊ लागला आणि खर्च हाताबाहेर गेला. मुंबईचे वकील आणि काँग्रेस नेते के. एफ. नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. शेवटी सुमारे ४४० एकरच जमीन मिळाली. नरिमन पॉइंटला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण घण घालणाऱ्यांचे, वाघिणी भरणाऱ्यांचे नाव कुठेच नाही. चूक आराखड्याची होती, त्यांच्या कष्टांची नव्हे.

 

मी रेल्वेच्या पी-वे, म्हणजे रूळमार्ग सांभाळणाऱ्या, खात्यातून निवृत्त झालो. बंद सायडिंग कशी नाहीशी होते, ते मला ठाऊक आहे. आधी मुख्य मार्गाला जोडणारा सांधा काढतात, मग रूळ उचलतात, स्लीपर कुणीतरी नेतो, खडी मातीत मुरते, मग कुंपण पडते. राहते ती हद्दीची एक वाकडी रेघ, तीही नव्या बांधकामात पुसली जाते.

रेल्वेकडे या सायडिंगचे जुने नकाशे असतील, तर त्यांची एक प्रत कांदिवली स्थानकाच्या पूर्वेकडील पुलावर लावावी, सोबत मराठीत चार ओळींची माहिती द्यावी. खर्च किरकोळ आहे. आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या खाणीवर कामाला होते, त्यांनी कृपया आपल्या वृत्तपत्राला त्यांची नावे कळवावीत. ती नावेही त्या फलकावर यायला हवीत.

एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
कांदिवली (पूर्व), मुंबई