लाँग सर्व्हिस लीव्हचे नियम सॉफ्टवेअरला वाचता येतील असे प्रसिद्ध करा : ऑस्ट्रेलियाच्या कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अमांडा रिशवर्थ,
रोजगार आणि कार्यस्थळ संबंध मंत्री, कॅनबेरा

महोदया, सविनय नमस्कार.

मेलबर्नमधल्या छोट्या व्यवसायांचे पगार करणं हे माझं काम. कॅफे, पाळणाघरं, गॅरेज, फिजिओथेरपीची क्लिनिक्स. जिथे एचआर म्हणून वेगळं कुणी नसतं, अशा ठिकाणी पेरोल सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि दर पंधरवड्याला पगार काढायचे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्या पैशांबद्दल ते आहे त्यांत मेलबर्नच्या टार्नीट-पॉइंट कुक या उपनगरांत राहणारी आपली माणसंही आहेत आणि त्यांनी ते वाचायला हवं. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवत आहे.

विषय लाँग सर्व्हिस लीव्हचा, म्हणजे एकाच मालकाकडे वर्षानुवर्षं काम केल्यावर मिळणाऱ्या भरपगारी रजेचा. भारतातून आलेल्यांना ग्रॅच्युइटी ठाऊक असते, ही रजा नसते. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींतल्या सरकारी नोकरांना बोटीने इंग्लंडला जाऊन येता यावं म्हणून ती सुरू झाली. १९५० च्या दशकात एकेका राज्याने कायदा करून ती खासगी नोकरांनाही दिली. आज गल्ल्यावर उभ्या असलेल्या कॅज्युअल, म्हणजे लागेल तशा शिफ्टवर तासाने काम करणाऱ्या मुलीलाही ती मिळू शकते. कष्टकऱ्यांसाठी इतकी मोठी गोष्ट फार थोड्या देशांनी केली आहे. ती सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये अडकून कमी होते, हे मला सहन होत नाही म्हणून हे लिहिते आहे.

नवी रजा तयार करताना सॉफ्टवेअर साधारण तीन गोष्टी विचारतं. रजेचं नाव काय, वर्षाला किती तास जमा करायचे, आणि ते दर पगाराला ठरावीक जमा करायचे की प्रत्यक्ष पगार दिलेल्या तासांच्या प्रमाणात. यापुढचं ज्याचं त्याने शोधायचं. शोधायला गेलं की समोर सहा राज्यं आणि दोन टेरिटरी यांचे आठ कायदे उभे राहतात. व्हिक्टोरियात २०१८ च्या कायद्याप्रमाणे दर ६० आठवड्यांच्या नोकरीला एक आठवडा रजा, आणि ती सात वर्षांनंतर घेता येते. न्यू साउथ वेल्सचा कायदा १९५५ चा. तिथे दहा वर्षांनी दोन महिने. तुमच्या साउथ ऑस्ट्रेलियात दहा वर्षांनी तब्बल १३ आठवडे.

गंमत म्हणजे व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांचा जमा होण्याचा दर एकच निघतो. ३८ तासांच्या आठवड्याला वर्षाकाठी ३२.९३ तास. त्यामुळे न्यू साउथ वेल्समधल्या सिडनीच्या शाखेसाठी केलेलं सेटिंग व्हिक्टोरियातल्या मेलबर्नच्या शाखेला जसंच्या तसं चिकटवलं जातं आणि आकडा बरोबर दिसतो. फरक आत दडलेला असतो. व्हिक्टोरियात बाळंतपणानंतरच्या बिनपगारी रजेचे पहिले ५२ आठवडे नोकरीत धरले जातात. न्यू साउथ वेल्समध्ये त्या रजेने नोकरी खंडित होत नाही, पण तो काळ मोजलाही जात नाही. आता मेलबर्नमधल्या एखाद्या आईची रजा ‘पगार दिलेल्या तासांच्या प्रमाणात’ असं सेटिंग करून ठेवली असेल, तर ती वर्षभर घरी असताना तिच्या खात्यात शून्य जमा होतं. कायद्याने मिळालेलं जवळजवळ ३३ तासांचं वेतन एका टिचकीने जातं. तिला ते कळणार कुठून? पे स्लिपवर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. व्हिक्टोरियाचा कायदा रजा आठवड्यांत मोजतो, सॉफ्टवेअर तासांत. मुलं लहान म्हणून एखादीने सहा वर्षं आठवड्याला १९ तास काम केलं आणि सातव्या वर्षी पूर्ण वेळ, ३८ तास, सुरू केलं. सात वर्षांची तिची रजा ६.०७ आठवडे झाली. गेल्या दोन वर्षांत कामाचे तास बदलले असतील तर कायदा तीन सरासऱ्या काढायला सांगतो: शेवटचे ५२ आठवडे, शेवटचे २६० आठवडे आणि संपूर्ण नोकरी. त्यांतली सर्वांत मोठी घ्यायची. इथे ती ३८ तास येते, म्हणजे तिला सुमारे २३१ तासांचा पगार मिळायला हवा. सॉफ्टवेअरने मात्र जमवत जमवत १३२ तासच धरलेले असतात. ९९ तास कमी! अडीच आठवड्यांहून जास्त पगार. यात कुणाची लबाडी नाही, कुणी कायदा मोडायचा ठरवलेला नाही. मालक स्क्रीनवरचा आकडा देतो आणि दिला म्हणून निश्चिंत होतो.

आणि व्यवसाय विकला गेला की? नवा मालक नवं सॉफ्टवेअर घेतो, सगळ्यांची रुजू झाल्याची तारीख म्हणून हस्तांतराचा दिवस टाकला जातो, आणि जुनी वर्षं पुसली जातात. कायद्याने ती वर्षं पुढे चालू राहायला हवीत.

मोठ्या कंपन्यांकडे पगारासाठी स्वतंत्र विभाग असतात, तरी त्याही यातून सुटलेल्या नाहीत. व्हिक्टोरियात १,२०० हून अधिक माजी कर्मचाऱ्यांची ही रजा थकवल्याबद्दल वूलवर्थ्ससारख्या मोठ्या सुपरमार्केट कंपनीला सुमारे १२ लाख डॉलर दंड झाला. त्यांची ही गत, तर सहा माणसांच्या कॅफेचं काय होत असेल?

महोदया, कायदा बदला असं मी म्हणत नाही. हा राज्यांचा विषय आहे आणि राष्ट्रीय मानक शक्य आहे का हे सिनेटच्या समितीने तपासून २०१६ मध्ये अहवालही दिला आहे, याची मला जाणीव आहे. भारतात ग्रॅच्युइटीचं पंधरा भागिले सव्वीस हे सूत्र मुंबईला आणि चेन्नईला एकच असतं. तसं इथे व्हावं असं मनापासून वाटतं, पण त्यासाठी थांबायची गरज नाही.

माझी मागणी याहून खूप लहान आहे. आठही कायद्यांचे हे नियम सरकारने सॉफ्टवेअरला थेट वाचता येतील अशा स्वरूपात प्रसिद्ध करावेत आणि सोबत सोडवलेली उदाहरणं द्यावीत. वर दिलेली आई, तास वाढलेली बाई, मध्येच दहा आठवडे शिफ्ट न मिळालेला कॅज्युअल कामगार, सिडनीहून मेलबर्नला बदली झालेला इंजिनिअर. प्रत्येकाचं उत्तर सरकारी. मग कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला आपला हिशेब त्याच्याशी ताडून पाहता येईल, आणि ज्यांचा जुळत नाही त्यांना गिऱ्हाईक प्रश्न विचारू शकेल.

हे अशक्य नाही, कारण अर्धं काम या देशाने आधीच केलं आहे. १२० हून अधिक अवॉर्ड्सचे, म्हणजे उद्योगवार किमान वेतन आणि अटी ठरवणाऱ्या आदेशांचे, किमान वेतनदर फेअर वर्क कमिशन हा देशाचा कामगार आयोग एका एपीआयमधून, म्हणजे सॉफ्टवेअरने थेट माहिती मागून घेण्याच्या सोयीतून, मोफत देतो. सॉफ्टवेअर ते थेट उचलू शकतं. सिंगल टच पेरोलमुळे प्रत्येक पगाराचा तपशील त्याच दिवशी कर खात्याकडे जातो. दुसऱ्या टप्प्यात तर रजेचे प्रकारही वेगळे केले, पण त्यात घेतलेली लाँग सर्व्हिस लीव्ह ‘इतर भरपगारी रजा’ या एका गाठोड्यात गेली. पेडे सुपरसाठी, म्हणजे निवृत्तीनिधीचे पैसे पगारासोबतच भरण्याच्या नियमासाठी, १ जुलै २०२६ ही तारीख ठरली आणि प्रत्येक पेरोल कंपनीला आपला कोड उघडावा लागला. म्हणजे सरकारने ठरवलं की सॉफ्टवेअर बदलतं. व्हिक्टोरिया सरकारच्या संकेतस्थळावर या रजेचा कॅल्क्युलेटर आहे आणि तो चांगला आहे, पण त्यात एकेका माणसाची माहिती हाताने भरावी लागते. पगाराच्या दिवशी ते कोण करणार?

राज्यांचे कायदे, त्यात केंद्राने का पडावं, असं कुणी म्हणेल. पण ज्या सॉफ्टवेअरमधून हे पगार निघतात ते राज्याराज्याला वेगळं नसतं. पर्थचं दुकान आणि होबार्टचं दुकान एकच सॉफ्टवेअर वापरतं. आठ ठिकाणांहून गोळा करून एका जागी मांडणं हे काम केंद्राशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

राज्यांच्या कामगार मंत्र्यांबरोबरच्या तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पहिल्या टप्प्यात निदान व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड या तीन मोठ्या राज्यांचे नियम प्रसिद्ध करावेत, ही विनंती. पे स्लिपवर जमा झालेली ही रजा आठवड्यांत छापणं बंधनकारक करण्याचाही विचार व्हावा. उदाहरणं तयार करायला आणि तपासायला पेरोलमध्ये काम करणारी माणसं हवी असतील तर मी येईन, आणि माझ्यासोबत आणखीही येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
मेलबर्नमधली एक पेरोल कर्मचारी