वजन मुलाचं असलं तरी वर्ग घरच्यांचा घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीबीएसईने २०२५च्या मे महिन्यात शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले. पाठोपाठ तेलाचे फलक आले. आमच्या भागातल्या एका शाळेतला फलक मी मुद्दाम बघून आलो. रंगवलाय छान. ३०० मिलीच्या शीतपेयात साधारण तीस ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे, हे बाटलीच्या चित्रासकट दाखवलंय. फक्त तो लागलाय मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर. तिथे मुलं होता होईल तो फिरकत नाहीत आणि पालक आलेच तर फीची तक्रार घेऊन येतात.

माझा उभा जन्म पीटी शिकवण्यात गेला, त्यामुळे मुलांच्या वजनाबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजतो. जाड मुलाला आमच्या मैदानावर दोनच जागा असत: क्रिकेटमध्ये अंपायर आणि रस्सीखेचीत दोरीचं शेवटचं टोक. प्रगतिपुस्तकावर उंची-वजनाचा रकाना असतो; तो कसा भरला जातो हे कुठल्याही वर्गशिक्षकाला विचारून त्याला अडचणीत आणू नका. आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो, हे तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे आठवड्याचे दोन तास, तेही हातचे राखून.

पण शाळेला किती बोल लावणार? शाळा मुलाला सांगते, वेफर्स खाऊ नकोस. वेफर्स आणतं कोण? दुकानात पैसे बाबा देतात, डबा आई भरते आणि 'पोर किती वाळलंय' म्हणत ताटात तुपाची धार धरते आजी. पालकसभेत विषय निघाला की ठरलेली उत्तरं मिळतात: आमच्याकडे सगळ्यांची हाडंच मोठी, खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की उतरेल आपोआप. एका सातवीतल्या मुलाच्या आईने डॉक्टरांचं ऐकून त्याचं सगळं बंद केलं. त्याच्यापुढे दुधी आणि फुलका, बाकीचं घर टीव्हीसमोर फरसाणाची वाटी घेऊन बसलेलं. पोरगं मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर दोन वडापाव हाणून यायचं. मी त्याला रागावलो नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांच्या वजनासाठी जे काही कराल, ते घराला धरून करा. पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, प्रभातफेऱ्या आता पुरे झाल्या.

हे मी मनचं सांगत नाही. उत्तर फ्रान्समध्ये फ्लरबे आणि लावांती नावाची दोन छोटी गावं आहेत. तिथे १९९२ पासून शाळेत मुलांना आहाराचे धडे दिले गेले. मुलांना माहिती मिळाली, वजनं मात्र वाढतच राहिली. मग पुढच्या टप्प्यात नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, खेळाचे क्लब असं सगळं गाव कामाला लागलं आणि घराघरापर्यंत पोचलं. २००४ मध्ये या दोन गावांत वजन जास्त असलेली मुलं ८.८ टक्के होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत १७.८ टक्के. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी 'हेन्री' नावाचा आठ आठवड्यांचा वर्ग चालतो. त्यात शिकायला बसतात ते आईबाप. तिथल्या लहान मुलांमधला लठ्ठपणा २००९ नंतर थोडा उतरला, त्यातही गरीब वस्त्यांत जास्त. सगळं श्रेय त्या वर्गाचंच, असा दावा कोणी करू नये. पण दिशा कळते.

इथे कोणी म्हणेल, आधी कुपोषण बघा, मग लठ्ठपणाचे चोचले करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, हे खरंच आहे. त्याच पाहणीत देशभरातल्या या वयोगटातल्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलं. दोन्ही एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी जेमतेम २.७ किलोची. पण इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांशी ताडून पाहिलं तर ही बाळं कमी पडत होती ती स्नायूंत. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपलं पोर वरून काटकुळं दिसलं तरी आतून मधुमेहाकडे झुकलेलं असू शकतं. त्याला बिस्किटं आणि साखर-दूध कोंबून 'बाळसं' आणलं, तर भर पडते चरबीतच. कुपोषण आणि लठ्ठपणा यांना औषध बरंचसं एकच आहे: डाळ, उसळ, भाजी, अंडं, आणि पळायला जागा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती दर वर्षी दोन-चार मुलांत दिसायची. मानेच्या मागे काळपट, मखमली पट्टा. आई बिचारी मळ समजून अंघोळीला घासून घासून कातडी सोलते. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती बहुधा खूण असते आणि अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यायचं असतं. ही माहिती आईला फलकावरून मिळणार नाही. समोर बसून कोणीतरी सांगायला हवी.

लीड्ससारखा घरच्यांचा वर्ग आपल्याकडे उभा करायला फार काही लागत नाही. अंगणवाडी आहे, वजनकाटा आहे. होम सायन्सच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांना प्रात्यक्षिकाला जागा हवीच असते. गणेश मंडळांचे हॉल वर्षातले अकरा महिने कॅरमपुरते उघडतात. रविवारी सकाळी वर्ग ठेवा, म्हणजे बापही येतील. आजी-आजोबांना तर आग्रहाने बोलवा, कारण दुपारी चार वाजता मुलाच्या हातात काय पडतं ते त्यांच्याकडे असतं. पहिल्याच दिवशी प्रत्येक घराने महिन्याला तेल किती येतं आणि खाणारी तोंडं किती, एवढा हिशेब मांडावा. मुलाचं वजन मात्र चारचौघांत करू नका, आकडा मोठ्याने वाचू नका. 'जाड्या' म्हणून कोणी बारीक झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मैदान सोडून गेलेले पुष्कळ पाहिले.

बाकी दोन कामं सरकारी आहेत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला बंदी असल्याचा नियम २०२० मध्येच झाला आहे. मधल्या सुट्टीत कुठल्याही शाळेबाहेर उभं राहून बघा, म्हणजे त्याचं काय झालं ते कळेल. गाडीवाल्याच्या पोटावर पाय देऊ नये, त्याला शेंगदाणे, मक्याचं कणीस, फळं विकायला मदत करावी. पण नियम कागदावर तरी का ठेवला?

दुसरं काम मैदानाचं. सोसायट्यांच्या आवारात 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई' अशा पाट्या आहेत, कारण खेळायच्या जागी गाड्या लागल्या आहेत. अशा वेळी महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी सहा ते आठ कुलपात का असावीत? ती वस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही खुली करावीत, अशी महापालिका आयुक्तांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. किल्ली कोणाकडे राहणार आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न फायलीवर येणारच. आमच्या कट्ट्यावरचे आम्ही चार निवृत्त शिक्षक आळीपाळीने फाटक उघडायला आणि बंद करायला तयार आहोत. तसं लेखी द्यायलाही हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक